पदवीच्या नावात 'क्लिनिकल' आहे, मग?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. मैत्रिणीच्या मुलीने सकाळी दोन ऑफर लेटरं पाठवली. दोन्ही ब्रिटनमधली, मानसशास्त्रातली एक वर्षाची मास्टर्स. 'मावशी, कुठली घेऊ? कन्सल्टंट म्हणतोय सोमवारपर्यंत डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल.' म्हटलं, तुला व्हायचंय काय? 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.' हे त्या माणसाने तिला एकदाही विचारलं नव्हतं. रँकिंग मात्र तीनदा दाखवलं.

जुन्या मंडळींना माझी रडकथा पाठ आहे, तरी परत ऐका. माझ्याही पदवीच्या नावात 'क्लिनिकल' होतं. कर्ज काढून गेले. तिसऱ्या आठवड्यात वर्गात एकीने सहज विचारलं, 'म्हणजे यानंतर पेशंट बघता येतील ना?' सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 'नाही. त्याला डॉक्टरेट लागते.' माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात ते छापलेलं होतं. मी पहिल्या पानावरची हिरवळ बघून भरलेला फॉर्म तो!

ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला साधारण ३ वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट लागते आणि एचसीपीसीकडे, म्हणजे तिथल्या आरोग्य-व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी. त्या डॉक्टरेटच्या दारात उभं राहायलाच बीपीएसच्या (ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या) मान्यतेची पदवी मागतात. आधीचा विषय वेगळा असेल तर कन्व्हर्जन कोर्स, म्हणजे दुसऱ्या विषयातून मानसशास्त्रात आणणारा अभ्यासक्रम. गंमत म्हणजे नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' तिथे कुणीही म्हणवून घेतं, 'क्लिनिकल' जोडलं की कायदा आडवा येतो. ऑस्ट्रेलियात नुसत्या 'सायकॉलॉजिस्ट'लाही नोंदणी हवी. अमेरिकेत हे काम स्वतंत्रपणे करायचं तर सहसा डॉक्टरेटच, वर लायसन्स राज्याराज्याचं वेगळं. आणि परत यायचं असेल तर इथले नियम आणखी निराळे. ज्याचा धंदाच हा, त्या कन्सल्टंटला हे ठाऊक नसतं? असतं हो! पण कमिशन विद्यापीठाकडून येतं, पोरीकडून नाही.

दादा म्हणतो, सगळ्यांना कुठे थेरपिस्ट व्हायचंय, संशोधन आहे, कंपन्यांत कामं आहेत. बरोबर आहे त्याचं. पण हिला व्हायचंय ना!

आणि माझं वर्ष वाया गेलं असंही नाही. मन समजून घ्यायला गेले आणि निम्मा वेळ 'आर' नावाच्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडेमोड करत बसले, हे कुणी आधी सांगत नाही. पण त्यानेच शहाणपण आलं. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर निम्मेही नीट टिकले नाहीत, हे २०१५ सालचं प्रकरण तिथे लपवत नव्हते, वर्गात शिकवत होते. आपल्याच शास्त्राला असं उलटंपालटं करून बघणारी माणसं मला आवडली. चष्मा पुसणारे सर तर फारच.

एकच गोष्ट अजून टोचते. समुपदेशनाच्या सरावात माझी जोडीदारीण क्लायंट झाली होती. संध्याकाळ झाली की काहीतरी होतं, काय ते कळत नाही, म्हणाली. तिच्या भावनेला नाव देणं हे माझं काम. माझ्या तोंडात 'हुरहूर' तयार होता, आणि बाहेर पडलं 'सॅड'. तिने मान हलवली, 'नाही, सॅड नाही.' मला माहीत होतं गं, सॅड नाही ते. शब्दच नव्हता माझ्याकडे. तू कुठल्या भाषेत माणसांशी बोलणार आहेस, हेही आज तिला विचारलं. गप्प झाली.

मग दोघींनी मिळून दोन्हीकडे मेल टाकली. या पदवीवर मला कुठे, कशाची नोंदणी मिळेल? एकाकडून तासाभरात उत्तर आलं: वसतिगृहाचे फोटो. दुसरीकडून दुपारी दोन ओळी: नोंदणी मिळत नाही, डॉक्टरेटसाठी अमुक बाईंना लिहा.

आत्ता तिचा मेसेज आलाय. 'मावशी, असं विचारलं म्हणून ऑफर काढून घेणार नाहीत ना?'