अपार धीर कसा धरावा

गेल्या मंगळवारी सकाळी सातच्या एसटीने लेकीला घेऊन मी तालुक्याला गेले आणि संध्याकाळी साडेसहाला परत आले. मधल्या वेळात केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांच्यात शिक्षणावरून केवढा समन्वय आहे, ते आधार केंद्राच्या पायरीवर बसून नीट समजून घेतलं. तुमची मुलं शाळेत असतील आणि हे ज्ञान तुम्हाला अजून झालं नसेल, तर चार उपयोगी गोष्टी सांगते.

सगळ्यात आधी, मुलाचं नाव ठेवताना त्यात 'व' येऊ देऊ नका.

हसू नका. माझी लेक श्रावणी, पाचवीत आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात गुरुजींनी निळ्या शाईने, वळणदार अक्षरात 'श्रावणी' लिहिलंय. जन्मदाखल्यावर तेच. पण आता प्रत्येक मुलाचा 'अपार' आयडी हवा, म्हणजे विद्यार्थी म्हणून ओळखीचा नंबर, बारा आकडी, देशभर एकच. त्यासाठी नाव इंग्रजीत हवं आणि आधारशी तंतोतंत जुळायला हवं. आधार काढणाऱ्या मुलाने 'व'साठी डब्ल्यू दाबला होता, गुरुजींनी यू-डायसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, व्ही भरला. मराठीत 'व' एकच. पोर्टलवर मात्र त्या दोन मुली झाल्या. एकीला शाळा आहे, दुसरीला आधार.

रजिस्टरला हात लावायचा तर वरून परवानगी लागते, म्हणून आधार बदला, असं गुरुजी म्हणाले. ते बिचारे नियमाप्रमाणेच बोलले. आधार केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "वहिनी, सर्व्हर डाऊन आसा. वायच थांबा." वायच म्हणजे पावणेचार तास. मग सर्व्हर उठला आणि कळलं, की ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला जन्मदाखला चालत नाही, इंग्रजी नाव असलेला छापील आणा. वर त्याने फुकटात माहिती दिली, की आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. म्हणजे माझ्या लेकीची एक संधी पाचवीतच खर्च होणार, ती सुद्धा स्वतःचंच नाव स्वतःला मिळवण्यासाठी. उरलेली तिने लग्नासाठी राखून ठेवावी.

अपारच्या फॉर्मवर पालकांची संमती लागते, कारण ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे काय ते गुरुजींना विचारा. शंभर टक्के काम झालं नाही की व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेचं नाव लाल रंगात येतं आणि आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन येतो. आमच्या वाडीत रेंज नाही, त्यामुळे तो फोन घ्यायला गुरुजी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जातात. शाळेत ते एकटेच आहेत. ते सड्यावर असले की शाळा कोण घेतं, हा प्रश्न कुठल्याच पोर्टलवर नाही.

दुसरं, शिक्षण नक्की कोणाचं, असं कोणाला विचारू नका. आधी ते राज्याकडे होतं. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं. म्हणजे दोघांचं. आपल्या कोकणी माणसाला हे वेगळं समजावायला नको. सातबारावर चाळीस नावं असलेलं घर पावसाआधी शाकारायला कोण येतं, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. मे महिन्यात आंबे न्यायला मात्र चाळीसही येतात.

शाळांना पैसे देणाऱ्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस असतात. वर्ग गळतो तो शंभर टक्के.

खर्चाबद्दल तर तोंडच उघडू नका. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असं कोठारी आयोगाने 1966 साली सांगितलं. 1968 च्या धोरणात ते आलं, 1986 च्या आलं, 2020 च्याही आलं. इतकं सातत्य आमच्या एसटीच्या वेळापत्रकात असतं तर!

भाषेच्या बाबतीत मात्र सरकारं कशी एकदिलाने चालतात, ते शिकण्यासारखं आहे. केंद्राचं 2020 चं धोरण म्हणतं, कुठलीही भाषा कुठल्याही राज्यावर लादली जाणार नाही. त्याच धोरणाचा हवाला देत राज्याने 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. 17 जूनला 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं. 29 जूनला दोन्ही जीआर रद्द केल्याचं जाहीर झालं आणि समिती नेमली. मधल्या बारा दिवसांच्या जीआरमध्ये एक सोय होती. हिंदी नको असेल तर दुसरी भारतीय भाषा घ्या, फक्त त्या इयत्तेत वीस मुलं तयार हवीत. आमच्या शाळेचा पट चौदा आहे, पहिली ते पाचवी मिळून. गणपतीला चाकरमान्यांची पोरं आली की त्यांचे हात वर करून घेतले असते, पण तोवर जीआरच टिकला नाही.

कुणाला भांडायचंच असेल तर तामिळनाडूकडे बघा. त्यांनी केंद्राच्या पीएमश्री या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही, तर समग्र शिक्षेचे दोन हजार कोटींहून जास्त अडकले आणि राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. बरोबर कोण, चूक कोण, ते वकील बघतील. तिकडच्या मुलांनी तोवर काय करायचं होतं, वायच थांबायचं?

कॉलेजवाल्यांसाठी एकच सल्ला: क्रेडिट बँकेत खातं उघडा, पास केलेल्या विषयांचे गुणांक, म्हणजे क्रेडिट, तिथे ऑनलाइन जमा होतात. माझ्या पुतण्याने उघडलंय. विषय शिकवायला माणूस नाही, पण क्रेडिट ठेवायला बँक आहे.

आणि केंद्र-राज्यांनी एकत्र बसून बोलावं यासाठी काही व्यवस्था नाही, असा गैरसमज असेल तर तो काढून टाका. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळ 1920 पासून आहे. 1923 ला खर्च वाचवायला बंद केलं होतं, 1935 ला पुन्हा सुरू केलं. समन्वयावरचा खर्च आधी वाचवायचा, ही रीत इंग्रजांपासूनची.

राहता राहिली आमची शाळा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 2023 ला समूह शाळांची कल्पना निघाली. जवळच्या मोठ्या शाळेत सगळ्यांना एकत्र न्यायचं, गाडीची सोय करायची. कुठली गाडी? कुठल्या रस्त्याने? आषाढात व्हाळ भरला की आमच्या वाडीतून गुरं सुद्धा पलीकडे जात नाहीत. पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हे तुमच्याच शिक्षण हक्काच्या नियमात लिहिलंय ना? मग आधी तो कागद वाचा आणि मग नकाशावर रेघा ओढा!

अहो, चौदा पोरं आहेत. चौदांची नावं तुम्हाला बरोबर लिहिता येत नाहीत, आणि देशभराची एक नोंदवही करायला निघालात. दिल्ली म्हणते मुंबईने करायचं, मुंबई म्हणते दिल्लीने सांगितलंय, आणि दोघांचं मिळून करतो कोण, तर सड्यावर छत्री धरून उभा असलेला एक मास्तर आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून एसटीत बसलेली एक आई. दहावीच्या निकालात कोकण पहिलं आलं की पाठ थोपटायला दोघंही हजर असता. तेव्हा नाही विचारत, हे केंद्राचं की राज्याचं! लाज वाटू द्या जरा. माझ्या पोरीचं नाव चुकलेलं नाही. तुमच्या पोराने डब्ल्यू दाबला, तर तो तुम्ही काढा, तुमच्या खर्चाने, आमच्या दारात येऊन.

काल गुरुजी घरी आले होते. म्हणाले, "श्रावणीचा परत फेल दाखवतोय." ती ओसरीवर अभ्यास करत होती. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं, इंग्रजीत दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली आणि त्यांना विचारलं, "गुरुजी, ह्यातली मी कुठची?"

छापील दाखला शुक्रवारी मिळेल असं ग्रामपंचायतीत सांगितलंय. सोमवारी पुन्हा सातची एसटी.