दोनच अल्बम गायला, मग एवढं कसलं रडणं?

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा सुरुवातीचा गायक पॉल डिॲनो गेल्यावर मी लिहिलेला लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गडी आयर्न मेडनमध्ये दोनच अल्बम गायला, गाणी सगळी बँडचा संस्थापक आणि बेसवादक स्टीव्ह हॅरिसची, नशेपायी हाकलला गेला, पुढे सरकारी भत्ता लाटून तुरुंगात गेला, अशा माणसाचा उदोउदो कशाला? खरं मेडन त्याच्या जागी आलेल्या ब्रूस डिकिन्सनपासून. आणि वर टोमणा, 'उद्या ब्लेझ बेलीसाठीही (नव्वदच्या दशकातला मेडनचा गायक) गळा काढणार का?'

तुरुंगाचं आधी उरकतो. पाठीच्या दुखण्याचं कारण सांगून ४५ हजार पौंडांच्या आसपास भत्ता उचलल्याबद्दल २०११मध्ये त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मी ते मुद्दाम लिहिलं नाही. श्रद्धांजली लिहीत होतो, चारित्र्याचा दाखला देत नव्हतो. दारू आणि कोकेनबद्दल तर तो स्वतःच मोकळेपणानं बोलायचा, आणि मेडननं काढलं ते बरोबरच केलं, असंही म्हणायचा. आपण त्याच्यापेक्षा जास्त कडक होऊन काय मिळवणार?

आता गाण्यांकडे येऊ. बहुतेक हॅरिसची, मान्य. पण 'रनिंग फ्री', 'किलर्स' आणि 'रिमेंबर टुमॉरो' यांवर डिॲनोचंही नाव आहे. त्यातलं 'रिमेंबर टुमॉरो' आज रात्री हेडफोन लावून ऐकाच. सुरुवातीला गिटार अगदी हलकी, आणि हा जवळजवळ पुटपुटल्यासारखा गातो. मग कडव्याचा शेवटचा शब्द ताणत ताणत वर नेतो, आवाज फाटेल असं वाटतं, आणि नेमका तिथेच सगळा बँड अंगावर येतो. तो खरखरीतपणा रियाजातून येत नाही. पंक रॉकनं लंडन दणाणून सोडलं होतं तेव्हाचा हा ईस्ट लंडनचा पोरगा, केस आखूड, कान पंककडे. हॅरिसला पंकचा मनस्वी तिटकारा, आणि त्याच्याच बँडच्या माइकसमोर हा! पहिल्या दोन अल्बममध्ये जो चटका लागतो तो या ओढाताणीचा आहे, असं माझं मत. १९८०चा पहिला अल्बम ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेला, तेव्हा ब्रूस सॅमसन नावाच्या दुसऱ्याच बँडमध्ये गात होता.

ब्रूसशी माझं भांडण नाही. १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात धूळ खात मीही उभा होतो. धावतोय, उड्या मारतोय आणि तरी सूर जागचा हलत नाही, हे डिॲनोला जन्मात जमलं नसतं. तो असता तर बँड मुंबईपर्यंत पोचला असता का, याचीही मला शंकाच आहे. पण एकाला मोठं म्हणायचं तर दुसऱ्याला पुसायलाच हवं, हा हिशेब मला कळत नाही.

तुम्ही 'रडणारे चाहते' म्हणता, त्यांनी आधी खिशात हात घातला होता, हेही सांगतो. गुडघ्यांनी दगा दिला, तो व्हीलचेअरवर आला (हे दुखणं मात्र सोळा आणे खरं होतं), तेव्हा उपचारांसाठी वर्गणी काढली ती जगभरच्या चाहत्यांनी. उपचार झाले क्रोएशियात. मे २०२२मध्ये मेडनचा कार्यक्रम झाग्रेबला होता, तेव्हा हॅरिस त्याला भेटला. मग हा पठ्ठ्या व्हीलचेअरवर बसूनच पुन्हा गायला लागला, २०२३पासून शंभराहून जास्त कार्यक्रम केले. आवाज उतरला होता, नाही असं नाही. लोक तरी येत होते. २१ ऑक्टोबर २०२४ला सॉल्झबरीत, राहत्या घरी तो गेला, वय ६६. हॅरिसनं नंतर सांगितलं की अगदी अलीकडेच दोघांची वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबच्या हारजितीवर मेसेजामेसेजी झाली होती. ज्यानं १९८१मध्ये त्याला काढलं, त्याच हॅरिसबद्दल बोलतोय मी.

आणि 'खरं मेडन' म्हणाल, तर मे २०२५मध्ये बुडापेस्टला त्यांचा नवा दौरा सुरू झाला. पहिली तीन गाणी 'किलर्स' अल्बममधली. गात होता ब्रूसच.

राहता राहिला ब्लेझ बेली. त्याच्यावर लिहिणार आहे, पण त्यासाठी त्याच्या मरणाची वाट बघणार नाही. पुढच्या महिन्यात टाकतो, तेव्हाही भांडायला या.