अनलिमिटेड म्हणजे काय, याबद्दल मालकाकडून

नमस्कार सर, आमच्या कोरियन बार्बेक्यू हॉटेलचा (टेबलावरच्या जाळीवर आपणच मांस भाजून हवं तेवढं खायचं) तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, ठीक आहे, तुमचा हक्क आहे. पण "अनलिमिटेड म्हणून बोलावतात, दीड तासात उठवतात, उरलेल्याचे पैसे लावतात, वर स्वतःच भाजायला लावतात आणि बीफ पण नाही" असं लिहिलंय, आणि ते बाकीचे लोक पण वाचणार म्हणून उत्तर देतोय.

आधी पैशांचं. उरलेल्याच्या पैशांना तुम्ही सर्व्हिस चार्ज म्हणताय, तो सर्व्हिस चार्ज नाही, तो आम्ही घेतच नाही, बिलात 5 टक्के जीएसटी आहे आणि उरलेल्या मांसाचे 100 ग्रॅमला 150 रुपये आहेत. हे मेनूच्या पहिल्याच पानावर मराठीत लिहिलंय, आमच्या वेटर पोराने तोंडी पण सांगितलं, तेव्हा तुमच्यातलेच एकजण म्हणाले "तू आण रे, आम्ही संपवतो." टेबल आवरताना स्टीलच्या भाताच्या वाटीचं झाकण उघडलं तर आत कच्ची पोर्क बेली (डुकराच्या पोटाचं मांस), वरून लेट्यूसची पानं अगदी नीट पांघरलेली! किचनमधली पोरं हसून हसून बेजार. सर, टेबलावर आलेलं कच्चं मांस परत फ्रीजमध्ये जात नाही, सरळ कचऱ्यात जातं, आणि दुसऱ्याच्या टेबलावरून आलेलं तुम्हाला तरी चालेल का? कोरियातल्या अनलिमिटेड वाल्या जागा पण उरलेल्याचे वेगळे पैसे घेतात, हे काही आम्ही पुण्यात बसून शोधलेलं नाही.

90 मिनिटांचं पण तसंच, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोरियाटाऊनमध्ये, म्हणजे तिथल्या कोरियन वस्तीत सुद्धा टाइम लिमिट असते. शनिवारी रात्री बाहेर लोक पोरंबाळं घेऊन उभे असतात हो.

आता भाजण्याचं. चिकन जळालं म्हणालात, ते जळणारच होतं. मॅरिनेशनमध्ये सोया सॉस, साखर आणि फळाचा गर असतो, ते तापलेल्या जाळीवर लगेच काळं पडतं, म्हणून आधी साधं पोर्क, मग मॅरिनेटेड, आणि मध्ये जाळी बदलून मागायची, ती फुकट असते. तुम्ही सुरुवातच गोड चिकनने केली आणि त्याच काळ्या जाळीवर पुढचं सगळं एकदम रचलं, मग मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी शिजतं. पोरगा दोनदा कात्री-चिमटा घेऊन आला, तुम्ही "आम्हाला येतं" म्हणून परत पाठवलंत.

बीफचं तर काय बोलू, 2015 पासून महाराष्ट्रात गाय-बैल कापायला बंदी आहे, ते कोणत्याच हॉटेलवाल्याच्या हातात नाही. म्हशीचं चालतं पण गाल्बीला (भाजलेल्या बरगडीच्या मांसाला) ती मजा नाही, म्हणून आम्ही ठेवतच नाही. आणि कोरियात रोजच्या बैठकीला पोर्क बेलीच जास्त चालते, रांजणगावच्या कंपन्यांमधले कोरियन लोक आमच्याकडे तीच मागतात.

बाकी वहिनी व्हेज खातात कळल्यावर, नेहमीच्या किमचीत (आंबवलेल्या तिखट कोबीत) फिश सॉस असतो म्हणून पोराने स्वतःहून त्यांना वेगळी व्हेज किमची आणून दिली, आणि ती तीनदा रिफिल झाली, ते काही रिव्ह्यूत दिसलं नाही 🙂

परत आलात तर मंगळवार-बुधवारी दुपारी या, गर्दी नसते, पोरगा शेजारी उभा राहून भाजून देईल. बिलाची कॉपी काउंटरला ठेवलीये, हवी असेल तर फोन करा, व्हॉट्सॅपवर टाकतो.