मरीना बीचवर सूर्यास्त दाखवला नाही, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सहलीत तुम्हाला आणि घरच्यांना मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. एक स्टार दिलात, तोही तुमचा हक्क. पण "तिरुपती-चेन्नई सहलीत मरीना बीचवर सूर्यास्त दाखवतो म्हणून नेलं आणि फसवलं" असं जे लिहिलंय, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळी सुट्टीचं बुकिंग आत्ताच चालू झालंय, आणि दोन घरांनी तुमचा रिव्ह्यू मोबाईलवर दाखवून ॲडव्हान्स परत मागितला.

आमच्या पत्रकात "मरीना बीच – सूर्योदय" असं छापलंय. सूर्यास्त हा शब्द कुठेच नाही. आणि छापणार तरी कसा? चेन्नईचा समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर, तो शहराच्या पूर्वेला. आपण सोलापूरकर समुद्र बघायला जातो ते गणपतीपुळ्याला, नाहीतर गोव्याला. तिथं संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडतो, म्हणून सगळीकडे तसंच असेल असं वाटतं, हे मी समजू शकतो. मरीनावर तो पाण्यातून वर येतो आणि मावळतो पाठीमागे, शहरात. रिव्ह्यूबरोबर टाकलेला तुमचाच फोटो परत एकदा बघा. लाल आभाळ आहे ते मद्रास विद्यापीठाच्या सिनेट हाऊसच्या घुमटांमागे. समुद्र फोटोत नाहीच, तो फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे आहे. याला आमची ट्रॅव्हल्स काय करणार?

आता सूर्योदयाचं. हे चारचौघांत लिहिणार नव्हतो, पण फसवणूक हा शब्द तुम्ही चारचौघांतच वापरलात. आदल्या रात्री जेवताना मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं होतं की इथं सूर्य आपल्या सोलापूरपेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो, साडेसहाच्या सुमाराला, तेव्हा पावणेसहाला खाली या. बस पावणेसहाला लॉजखाली उभी होती. लॉज मुद्दाम ट्रिप्लिकेनमध्ये घेतो आम्ही, भाडं जास्त पडतं, पण बीच जवळ. मॅनेजरने तुमचं दार दोनदा वाजवलं. आतून "हो, आलो" असा आवाजही आला. तुम्ही खाली आलात सव्वासातला. चालता येणारी मंडळी तोवर पायी पुढं गेली होती, त्यांना सूर्योदय मिळाला. बसमध्ये तुमच्यासाठी थांबलेल्या दोन वयस्कर बायकांचाही हुकला. त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही.

तुम्ही नाराज झालात म्हणूनच मॅनेजरने संध्याकाळी परत मरीनाला नेलं. ही चक्कर प्रोग्राममध्ये नव्हती. ड्रायव्हरचे जादा पैसे आणि डिझेल आमच्या खिशातून गेलं, तुमच्याकडून एक रुपया घेतला नाही. आणि त्याच चक्करीवर हा रिव्ह्यू! रविवारची संध्याकाळ, अख्खं चेन्नई वाळूवर. गर्दी होती, कागद-प्लॅस्टिक पडलेलं होतं, खरं आहे. महापालिकेची वाळू साफ करायची यंत्रं असतात, पण रविवार संध्याकाळपुढं त्यांचं काय चालणार.

"पाण्यात उतरू दिलं नाही, मॅनेजर अंगावर ओरडला." होय, ओरडला. मरीनावर पोहायला बंदी आहे. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की एकदम खोल होतं आणि परतणारी लाट पाय ओढून नेते, दरवर्षी तिथं माणसं बुडतात. तुमच्यातले पाहुणे कमरेएवढ्या पाण्यात गेले होते. पोलिसाने शिट्टी मारली तरी ते हात हलवून हसत होते. पोलिसाची बोलणी आमच्या पोराने खाल्ली, त्याला तमिळ येत नाही तरी समजायचं ते समजलं. माझ्या बसमधला माणूस सुखरूप घरी यावा म्हणून कुणी ओरडला असेल तर त्याला मी काय बोलू?

सासूबाईंना वाळूत फार चालावं लागलं, हे मात्र वाचून वाईट वाटलं. मरीनाची वाळू आहेच तशी रुंद. एकोणिसाव्या शतकात उत्तरेला बंदर बांधलं, तेव्हापासून दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू बंदराच्या भिंतीला अडून तिथंच साठत गेली. रस्त्यापासून पाणी कित्येक ठिकाणी तीनेकशे मीटर लांब आहे. विवेकानंद हाऊससमोर दिव्यांग आणि वयस्कर माणसांसाठी पाण्याच्या जवळपर्यंत लाकडी वाट केली आहे, 2022 पासून. पुढच्या वेळी वयस्कर मंडळींना तिथूनच न्यायचा विचार आहे, पार्किंगचं जमलं की.

सुंडलबद्दल "नाश्ता म्हणून उकडलेले वाटाणे दिले" असं लिहिलंत. तो नाश्ता नव्हता. बीचवर आल्यावर ओलं खोबरं, कैरी घातलेलं सुंडल खायचं ही तिथली पद्धत, म्हणून मॅनेजरने हौसेने सगळ्यांना एकेक पुडा दिला. नाश्त्याला इडली-पोंगल होतं, आणि तिखट लागतं म्हणून आपली शेंगाचटणी आम्ही इथूनच डबा भरून नेतो. ती तुम्ही दोनदा मागून घेतलीत, आनंद आहे.

बाकी सूचना टिपून घेतल्या आहेत. पत्रकात सूर्योदय हा शब्द मोठ्या अक्षरात छापू, पहाटेच्या वेळेबद्दल पण काहीतरी करू, मॅनेजरशी बोलणं झालंय. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. फसवणूक एवढा शब्द बदलता आला तर बघा.

तुमचा मोबाईलचा चार्जर लॉजवाल्याने कुरिअरने पाठवलाय. नवी पेठेतल्या ऑफिसात ठेवला आहे, सकाळी दहा ते रात्री आठ कधीही घेऊन जा. कुरिअरचे पैसे आम्ही दिलेत.