गढूळ पाणी दिसल्यावर दोन दिवस थांबू नका

घरी पेरिटोनियल डायलिसिस (मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पोटात बसवलेल्या नळीतून विशेष पाणी भरून, काही तासांनी ते पिशवीत काढून रक्त शुद्ध करण्याची पद्धत) करणाऱ्या माझ्या मावशीला परवा कोणीतरी एक संदेश पाठवला. पोटातून निघालेले पाणी गढूळ दिसले तर ती साठलेली घाण समजावी, दोन दिवस पाणी जास्त वेळा बदलावे, नळीच्या जागी मध लावावा आणि रुग्णालयात जाऊ नये, कारण तेथे नळी काढूनच टाकतात, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. त्याच सकाळी मावशीने पिशवीमागे छापील कागद धरला, तेव्हा अक्षरे लागत नव्हती; तरीही संदेशावर विसंबून ती संध्याकाळपर्यंत थांबली.

घाणीचा मुद्दा मुळातच खोटा आहे. युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये पाण्यात विरघळलेली असतात. त्यांच्यामुळे पाणी गढूळ होत नाही. ते बहुधा पांढऱ्या पेशींमुळे होते, आणि या पेशी पोटाच्या आतल्या आवरणाला संसर्ग झाला की तेथे जमतात. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संघटनेच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गढूळ पाणी हा दुसरे काही सिद्ध होईपर्यंत संसर्गच मानायचा असतो आणि नमुने घेताच अँटिबायोटिक सुरू करायचे असते. किमान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्यात दर मायक्रोलिटरमागे 100हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), हा निदानाचा एक निकष आहे. पाणी भराभर बदलले की हीच संख्या विरळ होऊन चाचणी फसू शकते. ताप नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूकच.

मधाचे म्हणाल, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील 371 रुग्णांवरील, 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जंतुनाशक औषधी मधसुद्धा नेहमीच्या प्रतिबंधक उपचाराहून सरस ठरला नाही; मधुमेहींमध्ये तर संसर्गाचा धोका वाढलेला आढळला.

नळी काढावी लागते, हे अर्धे खरे आहे, एवढे मान्य करावे लागेल. बुरशीचा संसर्ग असेल किंवा योग्य औषध देऊनही पाच दिवसांत पाणी निवळत नसेल, तर ती सहसा काढतात. परंतु बहुतेक रुग्णांची नळी वाचते, आणि उपचार लांबवले तर ती गमावण्याची शक्यताच वाढते. क्वचित फायब्रिनमुळे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंमुळे) किंवा चरबीमुळेही पाणी गढूळ दिसते, हेही खरे. पण तो निवाडा प्रयोगशाळेने करायचा.

मावशी तर ती पिशवी ओतून टाकायला निघाली होती. तसे कोणीही करू नये. लगेच डायलिसिस केंद्राला फोन करून तीच पिशवी बरोबर न्यावी, कारण पेशींची मोजणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) त्यातल्याच पाण्यावरून होते.