पाण्याचं प्लॅनिंग कुणी करायचं, वरच्यांनी की गावानं?

हा विषय निघाला की दोन गट लगेच पडतात. एक म्हणतो सगळं प्रादेशिक यंत्रणेकडे द्या, दुसरा म्हणतो आमचं पाणी आमचं आम्ही बघू. मला दोन्ही पटत नाही.

न्यूझीलंडमधलं हॅवलॉक नॉर्थ घ्या, साधारण १४ हजार वस्ती. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे नळाच्या पाण्यातून हजारो लोक आजारी पडले. पाणी बोअरचं, क्लोरीन नाही, आणि जोरदार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेतले जंतू त्यात उतरले. चौकशीत काय निघालं, तर भूजल जपायची जबाबदारी प्रादेशिक कौन्सिलची, नळाला पाणी द्यायची जिल्हा कौन्सिलची, दोघांनीही आपापल्या कामात कसूर केली होती आणि दोघांत धड समन्वयसुद्धा नव्हता! मला सगळ्यात जास्त हेच लागलं, यंत्रणा दोन होत्या पण बोअरपासून नळापर्यंत सलग बघणारं कुणीच नव्हतं.

माझं म्हणणं असं की नदी, धरण, भूजल यांचं वाटप खोऱ्याच्या पातळीवरच व्हायला हवं, कारण वरच्या गावानं जास्त उपसा केला की खालचं गाव कोरडं पडतं आणि हा हिशोब एकट्या नगरपालिकेच्या हातात कधीच नसतो. पण कुठल्या गल्लीत प्रेशर येत नाही, कुठली लाइन सडलीय, हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यालाच माहीत असतं, ते वरच्या ऑफिसातल्या नकाशावर दिसत नाही.

आणि खरी गडबड आकड्यांत होते. भविष्यात किती पाणी लागेल हे गावानं सांगायचं आणि धरणाचा खर्च दुसऱ्यानं करायचा असेल तर गाव मागणी फुगवूनच सांगणार ना, गळती काढायची तसदी कोण घेईल? म्हणून जिथे पाणी गावाच्या ताब्यात येतं तिथे मोठा मीटर हवा, त्याचं रीडिंग दोघांनी मिळून घ्यायचं, आणि नवीन स्रोताच्या खर्चात गावाचाही वाटा हवा. वाटा छोटा असला तरी चालेल, पण हवाच. गरीब गावाला मदत जरूर द्या, पण ती गळती कमी करायला आधी.

केपटाउनमध्ये २०१८ च्या दुष्काळात धरणांतलं पाणी शहराला किती आणि शेतीला किती हे केंद्र सरकारचं खातं ठरवत होतं, तर माणशी रोज ५० लिटरची मर्यादा शहरानं लावली आणि लोकांनी वापर खरंच खूप खाली आणला. एकानं वाटून द्यायचं, दुसऱ्यानं वापर आवरायचा, दोन्ही लागलं. फक्त टंचाईत कुणाचं पाणी आधी आणि किती कापायचं हे धरण भरलेलं असतानाच लिहून ठेवा, त्यावर वरच्या यंत्रणेची आणि प्रत्येक गावाची सही घ्या आणि तो कागद सगळ्यांना वाचता येईल असा लावा.