साडेपाच तास मिळवले की झालं?

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘टाइमझोनच्या लायब्रऱ्या ही परदेशातल्यांची डोकेदुखी. आपल्याकडे देशभर एकच वेळ, घड्याळ कधी पुढे-मागे होत नाही. तारीख म्हणजे शेवटी एक आकडा. सगळं यूटीसीत ठेवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा, विषय संपला.’ (यूटीसी म्हणजे जगाची सामायिक प्रमाण वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे; लायब्ररी म्हणजे आयता मिळणारा कोड.) नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच करायचो, त्यामुळे लिहिणाऱ्यावर राग नाही. पण यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

तारीख म्हणजे आकडा? बरं, कुठला आकडा? एका पतसंस्थेची जुनी कर्जखाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवत होतो. एक्सेलमधून आलेल्या फाइलीत हप्त्याच्या तारखेच्या रकान्यात ४५००० होतं. एक्सेल १९०० सालापासूनचे दिवस मोजतं, त्या हिशेबानं ही तारीख १५ मार्च २०२३. आमच्या कोडनं तोच आकडा युनिक्सचे सेकंद, म्हणजे १९७० सुरू झाल्यापासून यूटीसीत मोजलेले सेकंद, म्हणून वाचला आणि स्क्रीनवर आलं १ जानेवारी १९७०, संध्याकाळचे ६. कुठेही एरर नाही, कारण गणित दोन्हीकडे बरोबर होतं. त्यातून एक्सेलनं २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही मोजणीत धरलाय. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली, त्यामुळे १९०० पासून स्वतः दिवस मोजत गेलात तर एकानं चुकता. जाता जाता एक खूण सांगतो: ॲपमध्ये ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ दिसलं, की कुठून तरी शून्य आलंय असं समजावं.

घड्याळ पुढे-मागे होत नाही हे आजपुरतं खरं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, महायुद्धापायी, भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं. जगभरच्या घड्याळांचे बदल टिपणाऱ्या टाइमझोन डेटाबेसमध्ये ‘एशिया/कोलकाता’ या भारताच्या नावाखाली तशी नोंद आहे. आता १ जानेवारी १९४४ ला जन्मलेले एक आजोबा घ्या. फॉर्मवर तारीख निवडली, ब्राउझरनं त्या दिवसाची मध्यरात्र धरली. त्याला हा इतिहास ठाऊक असतो, म्हणून त्यानं साडेसहा तास वजा केले आणि ३१ डिसेंबर १९४३, संध्याकाळी ५:३० अशी यूटीसी वेळ पाठवली. सर्व्हरवर मेसेजवाल्या बंधूंनी साडेपाच मिळवले. झाले रात्रीचे ११, आणि आजोबांचं जन्मसाल बदललं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या पायटीझेड लायब्ररीची गंमत याहून वेगळी. त्यातला कोलकात्याचा टाइमझोन तारखेला थेट चिकटवला तर यूटीसीशी फरक धरला जातो ५ तास ५३ मिनिटांचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या स्थानिक वेळेचा. दहाची मीटिंग ९:३७ ला दिसायला लागली तर आधी तिथे बघा.

‘सगळं यूटीसीत ठेवा’ हे त्यातल्या त्यात शहाणं वाक्य, आणि म्हणूनच जास्त घातक. पैसे कधी जमा झाले, लॉगिन कधी झालं, हे यूटीसीतच ठेवावं. तो एक नेमका क्षण असतो. जन्मतारीख हा क्षण नव्हे, ते कॅलेंडरवरचं एक घर आहे. त्याला मध्यरात्र चिकटवून यूटीसीत नेलं की १५ ऑगस्टचे होतात १४ ऑगस्टचे संध्याकाळचे ६:३०. पुढे कुणी वेळ छाटून नुसती तारीख साठवली, की आपला स्वातंत्र्यदिन गेला सीमेपलीकडे! ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट तर ‘२०२३-०४-०३’ अशी नुसती तारीख दिली तर ती यूटीसी मानते, आणि टाइमझोन न सांगता तारखेसोबत वेळ दिली तर स्थानिक मानते. पहिल्या प्रकारात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होतात, दिवस तोच राहतो, म्हणून पुण्यात बग दिसत नाही. न्यू जर्सीतल्या मावसभावाला मात्र आदली संध्याकाळ दिसते. अशा तारखेला डेटाबेसमध्ये साधा डेट कॉलम द्यावा, जावा भाषेत लोकलडेट हा प्रकार. वेळ नाही, टाइमझोन नाही.

आणि परदेशातल्यांची डोकेदुखी आपल्याला नाही म्हणता? त्याच मावसभावाची सकाळी ९ ची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ला येते, हिवाळ्यात ७:३० ला. तिकडचं घड्याळ वर्षातून दोनदा तासाभरानं सरकतं, मग यूटीसीत गोठवलेली वेळ त्याला चुकीच्या तासाला बोलावणार.

पतसंस्थेच्या फाइलीत आणखी एक पीडा होती. काही तारखा आकडे नव्हत्या, ०३/०४/२०२३ अशा मजकुराच्या होत्या. कोडनं त्या बिनतक्रार वाचल्या. शेवटी तिथल्या लेखनिकांना फोन केला, ‘काका, ही तीन एप्रिलच ना?’ ते म्हणाले, ‘माझ्या नोंदीत हो. आधीच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर महिना पुढे यायचा.’ तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी आपोआप ओळखू आल्या, कारण तेरावा महिना नसतो. बारापर्यंतच्या प्रत्येक नोंदीसाठी पावतीपुस्तकं काढली आणि दोन दिवस ताडत बसलो.